पाठीमागं कोण हाय

बिरू कुठंही बसला तरी भिंतीला पाठ लावून बसायचा. कॉलेजच्या वर्गात शेवटचा बाक, एसटीत शेवटची सीट, कुणाच्या लग्नात मांडवाची कड. ही सवय त्याला बापानं, सिदूनं, लावली होती. सिदू सास्तूरच्या शिवारात मेंढरं राखायचा. एकदा त्याची दोन कोकरं दिवसाढवळ्या गेली, आणि नेणारा निघाला रोज सोबत बसून तंबाखू खाणारा माणूस. तेव्हापासून सिदूच्या मनातून माणूसजात उतरली ती उतरलीच. "गोड बोलायला लागला की समजावं, ह्याची नजर कशावर तरी हाय," असं तो पोराला सांगायचा. पोरगं ऐकत ऐकत मोठं झालं.

पुढं मुरुमच्या कॉलेजात बिरू कबड्डी खेळायला लागला. अंगानं तो फार दांडगा नव्हता, पण चढाई करणाऱ्याचा घोटा त्यानं एकदा धरला की सुटत नसे. खेळाचे शिक्षक शंभुलिंग सर हे पुष्कळ दिवस बघत होते. एका संध्याकाळी त्यांनी त्याच्या हातात लांबुळका चेंडू ठेवला.

"ह्यो असा कामून हाय, सर?"

"रग्बीचा हाय. टप्पा कुठं उडंल ते सांगता येत न्हाय."

बिरूनं चेंडू आपटून पाहिला. तो भलतीकडंच उडाला. बिरूला तो त्याच घटकेला लबाड वाटला.

खेळाचे नियम ऐकले तेव्हा तर तो आणखीच बुचकळ्यात पडला. पळायचं पुढं, पण चेंडू हातानं फेकायचा तो मात्र मागंच. पुढं फेकला की चूक.

"मागं कोण हाय ते कसं कळावं मग?"

"हाक येती की," सर म्हणाले. "हाक आली की फेकायचा. वळून बघत बसलास तर समोरचा तुला आडवा करंल."

हे बिरूच्या गळी काही उतरलं नाही. पहिलं वर्षभर त्यानं पास असा दिलाच नाही. चेंडू हातात आला की छातीशी घ्यायचा आणि एकट्यानं पळत सुटायचा. पण पळायचा असा, की कळपातून फुटलेल्या मेंढीला आडवं जाणारा माणूसच तसा पळू जाणे. राज्याच्या निवडीत त्याचं नाव आलं, आणि दोन हंगामांनी पुण्यातून फोन आला. सात-सात खेळाडूंच्या नव्या व्यावसायिक लीगमध्ये एका संघाला डाव्या विंगेवर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेनं पळायला, पोरगा हवा होता.

सिदूला वाटलं, ह्यात काहीतरी दगा आहे. पळायचा कुणी पगार देतं का? तो पोराबरोबर स्वतः पुण्याला गेला. धोतर, पागोटं, खांद्यावर घोंगडी, अशा वेषात त्यानं खेळाडूंचं वसतिगृह वरपासून खालपर्यंत हिंडून पाहिलं, स्वयंपाकघरात भांड्यांची झाकणं उचलली, आणि शेवटी कोचसमोर उभा राहिला. कोच उमाशंकर सर फौजेतून निवृत्त झालेले, हिंदी बोलणारे. सिदूनं आपली हिंदी काढली.

"साब, मेरे पोरगे को कुछ खिलाके-पिलाके खराब नहीं करेंगे ना?"

शेजारचे दोघंतिघं फिसकन हसले. उमाशंकर सर मात्र हसले नाहीत. "नहीं बाबा," ते म्हणाले, "मेरी जिम्मेदारी."

परत जाताना गेटपाशी सिदूनं पोराला बाजूला घेतलं. "माणूस बरा दिसतोय. पर तू नजर ठिव."

बिरूला खोलीत जोडीदार मिळाला तो रणधीर, वाशीचा. आपल्याच जिल्ह्यातला पोरगा म्हणून दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. बिरूला वाशी म्हटलं की एकच गोष्ट आठवायची. तो लहान असताना मेंढरं घेऊन ते तिकडं गेले होते, आणि एका बागायतदारानं हरभरा खाल्ल्याचा आळ घेऊन त्यांचा मेंढरांचा वाडा भर दुपारी उठवला होता. सिदू हात जोडून उभा होता. तो बागायतदार रणधीरचा कुणी नव्हता, हे बिरूलाही कळत होतं. पण रणधीरचे वडील बलभीमही तसलेच, विहिरी, ऊस, ट्रॅक्टरवाले. आणि रणधीर खेळायचा तोही डाव्या विंगेवर. जागा एक, दावेदार दोघं. एवढं झाल्यावर शक यायला आणखी काय लागतं?

रणधीर बोलका होता. "बिरू, जेवलास का? बिरू, तुझे बूट वल्ले झालेत, खिडकीत ठिवू का?" बिरूला त्याच्या प्रत्येक शब्दात बापाचं बोलणं ऐकू यायचं. तो आपली पिशवी कुलपात ठेवायचा. बूट घालण्याआधी झटकून बघायचा. रणधीरच्या हे ध्यानात आलं होतं. एकदा तो हसून म्हणाला, "आरं, म्या काय इंचू ठिवणार हाय का बुटात?" बिरू हसला नाही.

हंगाम सुरू झाला आणि जागा बिरूला मिळाली. पहिल्या सामन्यात त्यानं दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू रेषेपलीकडं नेऊन जमिनीला टेकवला. सास्तूरच्या पोरांनी मोबाइलवर सामना बघितला आणि हरणाबाईला, बिरूच्या माईला, घरातून ओढत आणून दाखवला. चौथ्या सामन्यात ऊन मी म्हणत होतं. मध्यंतरात बिरूची बाटली रिकामी झाली होती, तेव्हा राखीव खेळाडूंत बसलेल्या रणधीरनं आपली पुढं केली. तहानेनं जीव कासावीस झालेला. बिरू प्यायला. त्या दिवशी सामन्यानंतर उत्तेजक द्रव्याच्या चाचणीसाठी ज्यांचे नमुने घेतले, त्यांत तो होता. काही औषध घेतलंय का, असं तिथल्या माणसानं विचारलं. "न्हाय," तो म्हणाला, आणि ते त्याला अगदी खरं वाटत होतं.

पुढं सरावाच्या मैदानावरून त्याला ऑफिसात बोलावलं. उमाशंकर सरांचा चेहरा उतरला होता. नमुन्यात प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड सापडलं होतं. सामन्याच्या काळात ते घ्यायला बंदी असते. बिरूला ते नावही नीट उच्चारता येईना.

"सोच के बता," सर म्हणाले. "किसी ने कुछ दिया था?"

बिरूला विचार करावाच लागला नाही. रिकाम्या खोलीत दिवा लावावा तसं त्याला सगळं लख्ख दिसलं. बाटली. राखीव बाकावरचा रणधीर. "जेवलास का?" आणि रणधीरच्या त्या गोळ्या, ज्या बिरूला एकदा त्याच्या उशीखाली दिसल्या होत्या.

"रणधीरनं पाणी दिलं हुतं," तो म्हणाला.

चौकशीतही त्यानं तेच सांगितलं. रणधीरची पिशवी सगळ्यांच्या देखत उपसली. गोळ्या निघाल्या त्या पित्ताच्या. तरी चौकशी संपेपर्यंत त्याला बाहेर बसवलं. उपान्त्य सामना बघायला भारतीय संघाचे निवड करणारे आले होते, आणि रणधीर तेव्हा प्रेक्षकांत साध्या कपड्यात बसला होता. दोघांच्या खोल्या वेगळ्या केल्या. सामान हलवताना रणधीर दारात थांबला, बिरूकडं बघत राहिला. बिरू पाठ करून बूट भरत होता. पाठ करून तो आयुष्यात कधी उभा राहिला नसेल, पण त्या दिवशी राहिला.

संघानं त्याला घरी पाठवलं. सिदू स्टँडवर न्यायला आला होता. पोराच्या हातातली पिशवी घेत तो म्हणाला, "म्या सांगत हुतो न्हवं?" त्याच्या आवाजात दुःख होतं, पण त्याखाली, बिरूला वाटलं, थोडं समाधानही होतं. आपलं खरं झाल्याचं.

गावात तर सगळ्यांनी निकाल देऊन टाकला. वाशीच्या पोरानं घात केला. पारावर, हॉटेलात, दूध डेअरीवर हीच बोलणी. बिरूला ती ऐकून बरं वाटायचं. रोज तो मेंढरांमागं जायचा आणि मनातल्या मनात रणधीरला जाब विचारायचा.

हरणाबाईची तब्येत मात्र बरी नव्हती. तोंड गरगरीत सुजल्यासारखं झालं होतं. बायका म्हणायच्या, पोराच्या कमाईनं माय बाळसं धरायली. पण हातपाय काडी झालेले, जरा लागलं की कातडी निळी पडायची. एक दिवस चुलीपुढून उठताना तिला घेरी आली. बिरूनं मोटरसायकलवर मधे तिला बसवलं, मागून सिदूनं धरलं, आणि दवाखाना गाठला.

अर्पिता डॉक्टर वयानं लहानच होत्या. त्यांनी हरणाबाईचा चेहरा निरखला, मानेवरून हात फिरवला.

"मावशी, तुम्ही कसलं औषध घेता?"

"औषध कुठलं बाई. काय सुदिक घेत न्हाय."

"गुडघे दुखतात म्हणालात. त्यावर काय घेता?"

"ती व्हय. ती पुडी हाय नुसती. झाडपाल्याची. बाजारात गाडीवर इतूय एक जण. दुधातून घेतली की जादू केल्यावानी दुखणं थांबतंय."

डॉक्टरांनी उसासा टाकला. "जादू नसते मावशी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळतात. तोंड त्यानंच सुजलंय. एकदम बंद करू नका, मी सांगते तसं हळूहळू करू."

दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला बिरू सरळ झाला.

"कंचं स्टेरॉइड, म्याडम?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू? बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन नाहीतर त्याचंच भावंड."

हंगामाआधी जत्रेला तो घरी आला होता तेव्हा त्याचा खांदा दुखावला होता. माईनं रात्रीच्या दुधात पुडी कालवून दिली होती. सकाळी खांदा हलका. जाताना तिनं शेंगाचटणीच्या डब्यावर कापडात बांधून एक मूठभर पुड्या ठेवल्या. खांदा ठणकला की तो एक घ्यायचा. चौथ्या सामन्याच्या सकाळीही घेतली होती. औषध म्हणून नाही. माईनं दिलेलं म्हणून. बूट झटकून घालणाऱ्या पोरानं त्या पुडीचा एकदाही वास घेऊन पाहिला नव्हता.

तिघं घरी आले. हरणाबाईला अजून उमगलं नव्हतं. बिरूनं तिला ओसरीवर बसवून सांगितलं तेव्हा ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"म्हंजी म्या दिलं व्हय रं तुला?"

"तुला काय म्हाईत हुतं, माय."

सिदू उठला, दार लोटून आला. "हे भाईर बोलायचं न्हाय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुज्या माईचं नाव पेपरात यिल. आन त्या वाशीवाल्याचं काय जायलंय? त्याच्या बापाकडं ढीग जिमीन हाय. त्यो खेळला काय आन न खेळला काय. चाललंय ते चालू दे."

बिरूला बापाचं बोलणं पटलं. आपल्याला ते पटलं, याचीच त्याला भीती वाटली. बाहेर मेंढरं वाड्यात शिरत होती, त्यांची ढकलाढकल ऐकत तो बसून राहिला. आपण ज्याच्यावर कायम नजर ठेवली, तो माणूस कुठंतरी आत्ता आपल्याबद्दल काय विचार करत असेल?

हरणाबाई उठली. फडताळातून पुड्यांचं गाठोडं काढून तिनं पोराच्या मांडीवर टाकलं.

"माझं नाव सांग," ती म्हणाली. "त्या लेकराची माय बी घरात बसून रडत आसंल."

"हरणे, तू गप ऱ्हा," सिदू ओरडला.

"न्हाय ऱ्हात. जल्मभर तुमी लोकावर शक घेत आलाव. घरात बगितलं व्हतं का कदी?"

सिदू घोंगडी उचलून वाड्याकडं निघून गेला.

बिरू पुण्याला गेला. पुड्या दिल्या, सगळं सांगितलं. तपासणीत पुडीतही तेच निघालं. चौकशी करणाऱ्यांनी ऐकून घेतलं, पण खेळाडूनं काय पोटात घालावं याची जबाबदारी त्याचीच, असं म्हणाले. शिक्षा कमी झाली, तरी दहा महिन्यांची बंदी बसली. करार गेला. रणधीरवरचा आळ निघाला, पण हंगाम तोवर संपून गेला होता आणि भारताच्या शिबिराची नावं लागून गेली होती.

परतताना बिरू वाशीला उतरला. विचारत विचारत मळ्यात पोचला. रणधीर सोयाबीनला पाणी देत होता. पाटावर दोघं समोरासमोर उभे राहिले. वस्तीवरून रणधीरची आई, लक्ष्मीबाई, हाक मारत होती, "कोण आलंय रं? च्या टाकू का?"

"नको," रणधीर ओरडून म्हणाला. मग बिरूकडं वळला. "म्हाईत हाय मला सगळं. सरांचा फोन आलता."

"चुकलं माझं."

"शक आला त्याचं काय न्हाय रं. मला बी आला आसता. पर एकाच खोलीत निजत हुतो आपण. एकदा तोंडानं इचारायचंस की, रण्या, पाण्यात काय हुतं? मारायचंस तरी. तू सरळ जाऊन नाव सांगितलंस." तो खोऱ्यानं माती ओढू लागला. "जा आता. एसटी चुकंल."

बंदीचे महिने सास्तुरात गेले. सकाळी शिवारात पळणं, दिवसा मेंढरं, संध्याकाळी शंभुलिंग सर कधी मुरुमहून येऊन चेंडू खेळवायचे. गावाला आता बोलायला नवा विषय झाला होता. खरंच पुडी होती, का पोरगंच काही घेत होतं? डेअरीवर कुणी विचारत नसे, पण तो आला की बोलणं थांबायचं. शक घेणं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. आपल्यावर घेतलेला शक कसा लागतो, हे आता कळत होतं.

घरातही एक गोष्ट बदलली. हरणाबाई दुधाचा पेला आणायची, आणि त्याच्या हातात देण्याआधी त्याच्यासमोर स्वतः एक घोट प्यायची. पहिल्यांदा बिरूला वाटलं, दूध गरम आहे का बघते. दुसऱ्या दिवशीही तेच. भाकरीचा तुकडा आधी स्वतःच्या तोंडात, कालवणाचं बोट आधी स्वतःच्या जिभेवर.

"माय, हे काय करायलीस?"

"तुज्या मनाला बरं वाटंल."

"माझ्या मनात काय न्हाय."

"आसंल की," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या तर हाय."

त्यानं पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला. तिनं ते पाहिलं, पण सवय काही सोडली नाही.

बंदी उठली आणि उमाशंकर सरांनी पुन्हा बोलावलं. रणधीर आता मधल्या फळीत खेळत होता, आणि त्याच्या डाव्या अंगाला पळणारा माणूस हवा होता. सरांनी दोघांना समोर बसवून रणधीरला विचारलं, "तू इसके साथ खेलेगा?"

रणधीर खिडकीबाहेर बघत होता. "खेळीन," तो मराठीतच म्हणाला. "बोलणार न्हाय."

आणि तो शब्द त्यानं पाळला. जेवणाच्या टेबलावर मीठ हवं असलं तर तो दुसऱ्याकडून मागायचा. बसमध्ये वेगळी सीट. सिदूचा दर रविवारी फोन यायचा. आता म्हातारा तब्येत विचारायच्या आधी एकच विचारायचा.

"बोलला का त्यो?"

"न्हाय, आप्पा."

"हूं."

एकदा बिरूनं विचारलं, तुम्हाला कामून एवढी फिकीर? "म्याच तुला म्हणलो हुतो, चालू दे म्हणून," सिदू म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मैदानावर मात्र न बोलून चालत नव्हतं. हाक द्यावीच लागायची. दुसऱ्या सामन्यात बिरूला कडेला तिघांनी घेरलं. पूर्वीचा बिरू असता तर डोकं खाली घालून घुसला असता. मागून, मैदानाच्या मधल्या अंगाकडून आवाज आला, "आत! आत हाय म्या!" आवाज रणधीरचा. त्याच्या मनात आलं, हा खरंच तिथं असेल? का मला तोंडघशी पाडायला ओरडतोय? एवढा शक यायचा तो आलाच. त्यानं न वळता चेंडू मागं सोडला. टॅकलखाली चिरडला गेला, तोंडात माती गेली. शिट्टी ऐकून मान वर केली तेव्हा रणधीर रेषेपलीकडं चेंडू टेकवून उभा होता. तो हात द्यायला आला नाही. आपल्या जागेवर परत गेला.

रविवारी फोन वाजला.

"बोलला का?"

"बोलला."

"काय म्हणला?" म्हाताऱ्याचा आवाज चढला.

"'आत हाय म्या' म्हणला."

"आन मग?"

"मग काय न्हाय."

मग सिदू लांब ओरडून सांगताना ऐकू आला, "हरणे, आगं बोलला म्हणं त्यो!" बिरू फोन कानाला लावून तसाच बसला. खोलीच्या दारावरून रणधीर बूट हातात घेऊन चालला होता. त्यानं म्हाताऱ्याचं ते ओरडणं ऐकलं असावं, कारण तो क्षणभर थांबला. मग काही न बोलता पुढं निघून गेला.